अच्युतराव काटे गाडी बघतात

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. नदी होती, डोंगर होता, पतपेढी होती, पतपेढीचा अध्यक्षही होता. फक्त गाडी लावायला जागा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात गाड्या कशाला? ते मला विचारू नका. तुमच्या आळीत तरी कशाला आहेत? गोष्ट ऐकायची असेल तर गप बसा, नाहीतर मी चाललो चहाला.

तर त्या जंगलात एक साळिंदर राहायचे. नाव अच्युतराव काटे. अंगावर हातहातभर काटे, पण स्वभाव साईसारखा मऊ. मुद्दाम म्हणून कधी कुणाला टोचले नाहीत. त्यांना एकच खोड होती. ते विचार करायचे.

विचार म्हणजे किती? एकदा छत्री घ्यायची होती, तर दोन पावसाळे विचार केला. तिसऱ्या वर्षी घेतली, तर त्या वर्षी पाऊसच पडला नाही. "बघ, घाई केली आपण," असं ते बायकोला म्हणाले. आणि मनापासून म्हणाले हो!

बायकोचं नाव कुसुमताई. या शिकलेल्या. मास्तरणीची परीक्षा पास होऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं त्या घरात कंद सोलत होत्या आणि नोकरीच्या जाहिराती कापून डब्यात ठेवत होत्या. गाडी चालवायचं लायसन्ससुद्धा काढून ठेवलं होतं. गाडी नव्हती, पण लायसन्स होतं. आशा म्हणतात ती हीच.

आणि एके दिवशी पत्र आलं. पैलाडच्या शाळेचं. पैलाड म्हणजे डोंगराच्या पलीकडे, घाट उतरून, सहा कोसांवर. पत्रात लिहिलं होतं: "आपली नेमणूक एक वर्षासाठी करण्यात येत आहे. शाळा साडेसातला भरते. वर्षात तीनदा उशीर झाल्यास घरी बसावे लागेल. न झाल्यास आपणांस कायम करण्यात येईल."

कुसुमताईंनी पत्र चारदा वाचलं. देवापुढे ठेवलं. मग देवापुढून उचलून पुन्हा वाचलं. "अहो, मला नोकरी लागली हो!" असं ओरडून त्या नाचायला लागल्या. साळिंदर नाचलं की अंगावरचे काटे खुळखुळतात. अख्ख्या आळीला कळलं.

"सहा कोस," अच्युतराव म्हणाले. "पण तू जाणार कशी?"

जायला हत्तीची सर्व्हिस होती. पण वाटेत नदी दिसली की हत्ती उतारूंसकट आंघोळीला जायचा. एकदा एक ससा सकाळच्या सर्व्हिसने लग्नाला निघाला, तो बारशाला पोहोचला. म्हणून पहिल्या दिवशी कुसुमताई अंधारातच चालत निघाल्या. पडत-झडत घाट उतरल्या. शाळेच्या दारात पोहोचल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते.

दारात मुख्याध्यापक उभे होते. बगळे सर. पांढरेशुभ्र, एका पायावर. त्यांनी घड्याळ पाहिलं, कुसुमताईंकडे पाहिलं, आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक रेघ मारली.

"एक," ते म्हणाले.

बस. दुसरं काही बोलले नाहीत. मुलांनो, ओरडणारे मास्तर परवडतात. हे असले नाही परवडत.

संध्याकाळी कुसुमताई सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून म्हणाल्या, "अहो, गाडी घ्यायलाच हवी."

"घेऊया की," अच्युतराव म्हणाले. "विचार करून घेऊ."

घरात शिल्लक किती? दोन पोती चिंचोके. त्या जंगलात चिंचोकेच चालायचे. हसू नका, तुमच्याकडे कागद चालतो. नवी गाडी दहा पोत्यांच्या खाली नव्हती. म्हणजे घ्यायची तर जुनीच. आणि जुन्या गाड्या मिळायच्या दिगूशेठच्या माळावर.

हा दिगूशेठ कोण? तुम्हाला वाटलं कोल्हा. नाही. कोल्हे आता असल्या धंद्यात नसतात, ते सल्लागार झालेत. दिगूशेठ होता तरस. आणि तरस हसतो. कारण नसताना हसतो. त्याच्या माळावर ही मोठी पाटी होती: "खात्री पटेपर्यंत चक्कर फुकट! घरच्यांना दाखवा, मगच घ्या!"

"या या या, काटेसाहेब! वहिनी, या! ही ही ही!" दिगूशेठने दोघांना एका राखाडी गाडीपुढे नेऊन उभं केलं. "ही बघा. हायब्रिड. कासव डॉक्टरांची गाडी. एकहाती वापरलेली. वीसच्या पुढे त्यांनी कधी काटा नेला नाही. तीन पोती फक्त!"

"हायब्रिड म्हणजे पेट्रोलवर चालते की विजेवर?" अच्युतरावांनी विचारलं.

"दोन्हीवर!"

"म्हणजे दोन्ही बिघडू शकतं."

दिगूशेठ हसला. "साहेब, पेट्रोलचं इंजिन आहे, जोडीला बॅटरी आहे. ब्रेक दाबला, की बॅटरी आपली आपण भरते. घाट उतरा, भरली! वायर नको, प्लग नको."

"म्हणजे जितकं थांबू तितकं पुढे जाऊ?"

"अगदी बरोबर! ही ही ही!"

"हे काही पटत नाही," अच्युतराव म्हणाले, आणि त्यांनी खिशातून एक वही काढली. वहीवर लिहिलं होतं, 'शंका'.

"आणि पेट्रोल किती पिते हो ही?" कुसुमताईंनी विचारलं.

"पेट्रोल?" दिगूशेठने छातीवर पंजा ठेवला. "वहिनी, पेट्रोल नुसतं वासाला! मी भरून दिलंय तेवढ्यात वर्ष जाईल तुमचं. नाही गेलं तर मला सांगा, मी भरतो!"

हे वाक्य नीट ऐकून ठेवा, मुलांनो. तरसाने स्वतः ते ऐकलं नव्हतं, एवढंच सांगतो.

अच्युतरावांनी पहिली शंका लिहिली: बॅटरी. ती तपासायला अस्वल मिस्त्रीला बोलावलं. अस्वलाने बॉनेट उघडलं, आत तोंड घातलं, बराच वेळ हुंगलं. मध नव्हता. नाराज होऊन तो बाहेर आला.

"बॅटरी चांगली आहे," तो म्हणाला. "पण गेली की गेली."

"कधी जाईल?"

"जायची असेल तेव्हा."

"आणि नाही गेली तर?"

"तर मग राहील."

अच्युतरावांनी सगळं लिहून घेतलं. अस्वलाने पाट्यावर वाटलेली चटणी आणि चार भाकऱ्या खाल्ल्या आणि तो निघून गेला. मिस्त्री लोक खोटं बोलत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

"मग काय साहेब, पक्की?" दिगूशेठने विचारलं.

"एकच अडचण आहे," अच्युतराव म्हणाले. "मोठ्यांना दाखवल्याशिवाय काट्यांच्या घरात सुईसुद्धा येत नाही. सोनुआत्यांना दाखवावी लागेल."

"दाखवा की! पाटी कशाला लावलीय मी? कुठे असतात आत्या?"

"पैलाडला."

"मग उद्या सकाळीच घेऊन जा!" दिगूशेठने किल्ली कुसुमताईंच्या हातात ठेवली. त्याला वाटलं, एक म्हातारी आहे, एक चक्कर होईल, परवा तीन पोती घरात.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी निघाली. चालवायला कुसुमताई, शेजारी वही घेऊन अच्युतराव. आता हायब्रिड गाडीची गंमत अशी, की हळू चालताना ती नुसत्या बॅटरीवर चालते. आवाज नाही. फुस्स नाही, घुर्र नाही. आणि त्या जंगलात आवाज न करता चालणारा एकच जण होता, वाघ. गाडी पहिल्या वळणावर आली आणि हरणं किंकाळ्या फोडत पळाली. माकडं झाडावर चढली. एक म्हातारा मोर चक्कर येऊन पडला.

शेवटी अच्युतराव खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडायला लागले, "बाजूला व्हा! गाडी आहे! वाघ नाही, गाडी आहे!"

असं ओरडत ओरडत सातला दहा कमी असताना घाट ओलांडला, आणि सात वीसला गाडी शाळेच्या दारात उभी राहिली. बगळे सरांनी घड्याळ पाहिलं आणि खडू परत खिशात ठेवला. कुसुमताईंच्या छातीत इतकं धडधडत होतं, की काटे वाजायला लागले. पहिलीच्या वर्गातल्या सशांच्या पोरांना वाटलं, बाईंनी घुंगरू बांधलेत. त्यांना बाई तिथल्या तिथे आवडल्या.

बाई वर्गात गेल्या आणि अच्युतराव गाडी घेऊन, म्हणजे ढकलत ढकलत, कारण त्यांनी लायसन्स काढायचं की नाही हे अजून ठरवलं नव्हतं, सोनुआत्यांच्या बिळाशी गेले. आत्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. टायरला नखाने टिचकी मारली. आरशात बघून डोक्यावरचे काटे सारखे केले.

"रंग जरा उतरल्यासारखा वाटतो," आत्या म्हणाल्या. "माझ्या मधल्या वासूला दाखवलीस का? त्याला विचारल्याशिवाय घेऊ नको हो. त्याला वाईट वाटेल."

मधला वासूही पैलाडचाच. काट्यांचं सगळं गोत पैलाडचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. सकाळी सहाला. वासूने गाडी पाहिली आणि म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय? आमच्या मेव्हण्याला दाखव." मेव्हण्याने पाहिली आणि म्हणाला, "चांगली आहे, पण याच पैशात मोठी आली असती. भाच्याला दाखव." भाच्याने बसून पाहिली, झोपून पाहिली, आणि म्हणाला, "थोरल्या मामींना विचारलंत का?"

अशी रोज चक्कर. रोज सकाळी सहाला निघायची, संध्याकाळी शाळा सुटली की परत. अच्युतरावांच्या वहीत शंका वाढत होत्या. शंका सदतिसावी: पाऊस. शंका एकसष्टावी: डावीकडून काहीतरी आवाज येतो. शंका बासष्टावी: आवाज थांबला, का थांबला?

आणि दिगूशेठ? सुरुवातीला तो "ही ही ही" हसायचा. महिन्याभराने "ही ही" हसायला लागला. दिवाळीपर्यंत नुसतं "ही" राहिलं.

कारण एके संध्याकाळी कुसुमताईंनी किल्ली परत देताना सहज म्हटलं, "शेठ, पेट्रोलचा काटा अगदी खाली आलाय हो. वासाला इतकं लागतं?"

"छे छे वहिनी! काटा बिघडलाय. मी बघतो," दिगूशेठ म्हणाला, आणि त्या निघून गेल्यावर स्वतःच्या पैशाने टाकी भरून आणली. काय करणार? बोलून बसला होता. घाट चढताना कुठली बॅटरी आणि कुठलं काय! गाडी म्हशीसारखी पेट्रोल प्यायची.

वर सीटचं वेगळंच. साळिंदर सीटवर बसलं तर काय होईल, सांगा बघू. हात वर करू नका, सगळ्यांना कळलंय. पहिल्या आठवड्यात चाळीस भोकं. महिन्याभरात सीटची चाळण झाली. दिगूशेठ रोज संध्याकाळी भोकं मोजायचा आणि त्याला झोप यायची नाही.

"काटेसाहेब," एकदा त्याने धीर करून विचारलं, "खात्री पटली का हो?"

"जवळजवळ," अच्युतराव म्हणाले. "आता फक्त बायकोच्या माहेरचे राहिलेत."

माहेरही पैलाडचंच!

दिगूशेठ घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मग त्याने एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी काटे दांपत्य माळावर आलं, तेव्हा गाडी जागेवर नव्हती. त्याने ती बांबूच्या बेटामागे लपवली होती.

"गाडी धुवायला गेलीय," तो आकाशाकडे बघत म्हणाला.

कुसुमताई धावत सुटल्या. पदर खोचून, धापा टाकत, ठेचा खात घाट उतरल्या. पण सहा कोस ते सहा कोस. शाळेत पोहोचल्या तेव्हा प्रार्थना होऊन, हजेरी होऊन, पाढे सुरू झाले होते.

"दोन," बगळे सर म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर कुसुमताई चुलीपुढे बसल्या आणि रडल्या. अकरा वर्षांत त्या कधी अशा रडल्या नव्हत्या.

"अहो, घ्या हो एकदाची ती गाडी," त्या म्हणाल्या. "एक रेघ उरलीय माझी. ती पोरं सातचा पाढा शिकतायत. सात नव्वे त्रेसष्टपर्यंत आलीयत. मला घालवलं तर त्यांना सात दाहे कोण सांगणार? आणि मी परत कंद सोलत बसू? नाही हो सोलवत मला आता."

अच्युतरावांनी वही मिटली. त्यांच्या पोटात तुटलं. मुलांनो, विचार करणाऱ्या माणसालाही पोट असतं. ते उठले, फडताळामागची दोन्ही पोती बाहेर ओढली, आणि सकाळ होताच, रविवार होता, शाळेला सुट्टी होती, एक पाठीवर, एक डोक्यावर घेऊन माळावर निघाले. मागे कुसुमताई. उभ्या आयुष्यात अच्युतरावांनी विचार न करता केलेली ही पहिली गोष्ट.

आता ऐका हं. इथे जर दिगूशेठ गप बसला असता, नुसतं तोंड मिटून उभा राहिला असता, तर दोन पोत्यांत का होईना, गाडी खपली असती. गोष्ट संपली असती आणि मी चहाला गेलो असतो. पण त्याने लांबून अच्युतरावांना येताना पाहिलं. त्याला वाटलं, आले भांडायला! गाडी लपवली म्हणून पंचायतीत खेचणार आता!

तो धावत पुढे आला आणि ओरडला, "साहेब, चुकलो! रागावू नका! दीड पोत्यात घ्या!"

अच्युतरावांनी पोती खाली ठेवली.

"दीड?" ते म्हणाले. "परवा तीन होती."

"तुमच्यासाठी साहेब, खास!"

"तिनाची दीड झाली. म्हणजे अर्धी कमी झाली." अच्युतरावांचा हात खिशाकडे गेला. वही बाहेर आली. "कुसुम, याच्यात काहीतरी गोम आहे."

"गोम नाही हो!" दिगूशेठ रडकुंडीला आला. "बरं, उद्यापासून मीच रोज सहाला गाडी तुमच्या दारात आणून लावतो. चालवायलाही मीच बसतो. वहिनींनी मागे आरामात बसावं. कुणाला दाखवायचीय त्यांना दाखवा. पण एकदा हो म्हणा!"

कुसुमताई "घ्या हो" म्हणायला तोंड उघडणार होत्या. पण त्या थांबल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं. दोन पोत्यांकडे पाहिलं. मग रोज सहाला दारात, चालकासकट, हे मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"शेठ," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही विचार करतो."

अच्युतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बायको पहिल्यांदा त्यांच्यासारखं बोलली होती. दोघांनी एकेक पोतं उचललं आणि हसत हसत घरी नेलं.

पुढचे महिने कसे गेले म्हणता? मजेत! सकाळी सहाला दारात गाडी. दिगूशेठ स्टिअरिंगवर, डोळे खोल गेलेले. मागे कुसुमताई वह्या तपासत. खिडकीतून अच्युतराव, "वाघ नाही, गाडी आहे!" घाटात टपरीवर चहा. गारठा पडला तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "शेठ, काच नीट लागत नाही हो, ही शंका लिहू का?" दिगूशेठने त्याच दिवशी काच बदलली. पोरं सातचा पाढा संपवून तेराच्या पाढ्यावर गेली. फळ्याच्या कोपऱ्यात रेघा दोनच.

आणि उजाडला निकालाचा दिवस. वर्षाचा शेवटचा दिवस. आज वेळेवर पोहोचलं की कायम. नाही पोहोचलं की तिसरी रेघ, आणि घरी.

सहा वाजले. दारात गाडी नाही.

सव्वासहा झाले. गाडी नाही. दोघं धावत माळावर गेली. बघतात तर दिगूशेठ उड्या मारत होता. "ही ही ही ही ही!" वर्षभराचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडत होतं. समोर शिवराम नावाचा एक रानडुक्कर उभा होता, शेजारी तीन पोती. रोख!

"विकली, काटेसाहेब, विकली!" दिगूशेठ ओरडला. "आता बसा विचार करत!"

शिवराम जरा चाचरत गाडीत डोकावला. "शेठ, सीटला ही भोकं कसली?"

"हवा खेळती राहते! नवीन पद्धत आहे!"

"वा!" शिवराम म्हणाला. त्याने पहिलं पोतं दिगूशेठपुढे सरकवलं.

अच्युतराव पुढे झाले. "अहो, माझ्या वहीत चारशे बारा शंका आहेत, वाचून दाखवू का?" त्यांनी वाचायला सुरुवातही केली. पण शिवरामला शंका कळेनात. रानडुकरांना शंका येतच नाहीत, सरळ जायची सवय त्यांना. दुसरं पोतं सरकलं. डोंगरामागून सूर्य डोकं वर काढत होता.

कुसुमताईंचे एका वर्षाचे कष्ट त्या पोत्यांबरोबर सरकत चालले होते. मग त्या पुढे आल्या. पदर सारखा केला.

"अभिनंदन हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "छान गाडी घेतलीत. घरच्यांना दाखवली असेलच ना?"

"दाखवली की," शिवराम म्हणाला. "बायकोने पाहिली काल."

"आणि सासूबाईंनी?"

शिवरामच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले. तिसऱ्या पोत्यावरचा त्याचा हात तसाच राहिला.

"सासूबाईंना... नाही दाखवली," तो हळूच म्हणाला.

"अगंबाई!" कुसुमताईंनी गालावर हात ठेवला. "त्यांना न विचारता घेतलीत?"

"वहिनी, नको!" दिगूशेठ ओरडला. "वहिनी, तुमच्या पाया पडतो! विचारू नका!"

"कुठे असतात हो तुमच्या सासूबाई?" कुसुमताईंनी विचारलं.

"पैलाडला."

दिगूशेठ मटकन खाली बसला.

"मग चला की!" कुसुमताई म्हणाल्या. "आम्हाला वाट पाठ आहे. शेठ, पाटी आहे ना तुमची? खात्री पटेपर्यंत?"

शिवरामने तिन्ही पोती डिकीत टाकली, म्हणाला, "आत्ता येतो शेठ," आणि गाडी सुरू केली.

आणि काय ती चक्कर, मुलांनो! रानडुक्कर वळत नाही. घाटात बावीस वळणं. "वळा भाऊजी, वळा!" कुसुमताई ओरडत होत्या. शिवराम डोळे मिटून वळवत होता. उतारावर ब्रेक इतके दाबले, की बॅटरी तुडुंब भरली. गाडी आवाज न करता सुसाट निघाली. अच्युतराव खिडकीबाहेर लोंबकळत होते. "बाजूला व्हा! वाघ नाही! डुक्कर आहे!" हत्तीची सर्व्हिस वाटेत आडवी होती, हत्तीने घाबरून उतारूंसकट नदीत उडी मारली. त्याची तशीही आंघोळीची वेळ झाली होती.

सात एकोणतीसला गाडी शाळेच्या दारात उभी राहिली. बगळे सरांनी खडू बाहेर काढलेलाच होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. कुसुमताईंकडे पाहिलं. मग वर्षात पहिल्यांदा त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला.

"या, काटेबाई," ते म्हणाले.

दुपारी निकाल लागला. पोरं पास झाली, बाईही पास झाल्या. बगळे सरांनी पत्र हातात दिलं. "आपणांस कायम करण्यात येत आहे. शाळेच्या मागचे बीळ आपणांस राहण्यास देण्यात येत आहे." कुसुमताई तिथेच, सरांच्या समोर, नाचल्या. सगळी शाळा खुळखुळली. सशांची पोरं टाळ्या वाजवायला लागली. अच्युतराव कोपऱ्यात उभे राहून नाक पुसत होते.

नवं बीळ शाळेपासून वीस पावलांवर. वीस पावलांना गाडी कशाला लागते? दोघं पुढच्या रविवारी राहायला गेली. शिलकीतली दोन पोतीही नेली. जशीच्या तशी.

"बघ," अच्युतराव नव्या बिळाच्या दारात बसून म्हणाले. "उगाच घाई करून गाडी घेतली असती, तर आज काय केलं असतं?"

"खरंय हो तुमचं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी खरंच मनापासून म्हटलं, आणि नवऱ्याच्या कपात आणखी चहा ओतला.

आणि शिवराम? त्याच्या सासूबाईंनी गाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "रंग जरा उतरल्यासारखा वाटतो. थोरल्या जावईबापूंना दाखवलीत का?"

थोरल्या जावईबापूंना अजून चारी बाजूंनी बघायची आहे. दिगूशेठ रोज सकाळी सहाला गाडी शिवरामच्या दारात लावतो. हसत नाही.

तात्पर्य: जुनी गाडी घेताना अजिबात घाई करू नये. सगळ्या शंका लिहून काढाव्यात, घरातल्या मोठ्यांचा सल्ला घ्यावा, आणि शांतपणे, वर्षभर, नीट विचार करावा. मात्र तो विचार दुसऱ्याच्या गाडीत बसून करावा.